सर्व सदस्य सुखरूप

एप्रिल संपत आला की वर्तमानपत्रात हिमालय येतो. आतल्या पानावर, बहुधा खालच्या कोपऱ्यात, एक फोटो असतो. पांढऱ्या उतारावर लाल-पिवळी जाकिटं घातलेली माणसं, एकामागे एक, दोराला अडकवलेली. खाली चार ओळी. मोहीम तिसऱ्या छावणीवर पोचली, हवा चांगली आहे, सर्व सदस्य सुखरूप आहेत. वसईत या दिवसांत सकाळी आठलाच मानेवरून घाम ओघळायला लागतो. मी चहाचा कप बाजूला ठेवते, चष्मा लावते आणि फोटोतली माणसं मोजते. मग बातमीत किती माणसं म्हटली आहेत ते बघते. पुष्कळदा बातमीत आकडाच नसतो, आणि मग माझा दिवस थोडा बिघडतो.

"तुझं कोण आहे तिथं?" माझा नवरा पास्कल विचारतो. दर वर्षी विचारतो, आणि उत्तराची वाट न बघता क्रिकेटचं पान मागतो.

कोणी नाही. मी आयुष्यात बर्फ पाहिला तो फ्रीजमधला. पण नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा मी एका आठ हजार मीटरच्या शिखरावर काढला, तोही बहारीनमध्ये, मनामातल्या एका ऑफिसात, फॅक्सच्या मशीनसमोर बसून. शिखराचं नाव इथं लिहीत नाही. त्या डोंगराचा काही दोष नव्हता.

आमची कंपनी एअर कंडिशनर आणि शीतगृहांची यंत्रं विकायची, बसवायची, दुरुस्त करायची. ऑफिस मनामात, जुन्या सूकपासून, म्हणजे बाजारापासून, चालत पाच मिनिटांवर, आणि वर्कशॉप तुबलीला, खाडीच्या कडेला. मी ऑफिसात सेक्रेटरी होते. टायपिंग, फॅक्स, टेलिफोनचा बोर्ड, सगळं माझ्याकडे. पास्कल एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर होता. तुबलीच्या वर्कशॉपचे प्रमुख होते सुधीर राणे, मूळचे कणकवलीचे. पंचेचाळिशी ओलांडलेला, काटक, कमी बोलणारा माणूस. तरुणपणी त्यांनी सह्याद्रीतले कडे पालथे घातले होते आणि ते वेड गल्फमध्ये येऊनही गेलं नव्हतं. बहारीनमध्ये चढायला काही नाही. म्हणून ते ऑफिसच्या इमारतीचे जिने पाठीवर वाळूची पिशवी घेऊन चढायचे, आणि मासे ठेवायच्या शीतगृहाची दुरुस्ती असली की काम संपल्यावरही आत उभे राहायचे. थंडीची सवय करतोय, म्हणायचे. मिस्त्री लोक बाहेरून दाराच्या काचेतून त्यांच्याकडे बघत असायचे.

त्या वर्षी त्यांनी दोन महिन्यांची लीव्ह घेतली आणि एका परदेशी कंपनीच्या मोहिमेत नाव घातलं. त्या काळात असल्या मोहिमा नव्याने सुरू झाल्या होत्या. तुम्ही फक्त यायचं. तंबू, दोर, स्वयंपाक, ऑक्सिजन, वाट दाखवणारा गाइड, सगळं त्यांचं. मला हे ऐकल्याऐकल्याच खटकलं होतं. डोंगरावर नेणारी कंपनी म्हणजे शेवटी कंपनीच, आणि कंपनी काय असते हे मला रोज आठ तास दिसत होतं. पण राणेसाहेबांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता. आमच्या मॅनेजरांनी, केरळच्या जॉर्जसाहेबांनी, कंपनीचं नाव छापलेलं एक निळं फडकं त्यांच्या हातात दिलं. शिखरावर ते धरून फोटो काढायचा होता.

राणेंच्या घरी फॅक्स नव्हता. ते अरादला राहायचे, किल्ल्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर, बायको आणि मुलीसोबत. त्यामुळे असं ठरलं की मोहिमेची खबर आमच्या ऑफिसात येईल आणि मी ती शालिनीवहिनींना फोनवर मराठीत सांगेन. वहिनींना इंग्रजी येत होतं. पण त्या म्हणाल्या, "तूच सांग मार्था. कागदावरचं मला कोरडं लागतं."

बेस कॅम्पवर पेटीएवढा एक उपग्रह फोन होता. त्यावरून गाइड युरोपातल्या त्यांच्या ऑफिसला मजकूर सांगायचा, तिथं तो टाइप व्हायचा आणि दहाही सदस्यांच्या घरी जायचा. दुपारी बाराच्या सुमारास आमचं मशीन किरकिरायला लागायचं. कागद गरम, गुळगुळीत, गुंडाळी होत बाहेर यायचा आणि त्याला एक जळकट वास असायचा. बाहेर मे महिन्याची हवा दमट होऊन काचांना चिकटलेली, खिडकीतल्या एसीचं पाणी खालच्या बादलीत टपटपणारं, आणि माझ्या हातातल्या कागदावर उणे पंधरा अंश. मी फोन फिरवायचे आणि सांगायचे.

"वहिनी, आज पूजा झाली. लामांनी दगडांचा चौथरा केला, पताका लावल्या. दहाही सदस्य सुखरूप."

'सुखरूप' हा शब्द माझा. कागदावर साधंच असायचं, ठीक आहेत, वगैरे. मला सुखरूप म्हणायला आवडायचं. आमच्याकडे मच्छीमारांच्या होड्या परत आल्या की तोच शब्द कानावर यायचा.

वहिनींनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला होता. बारा वर्षांची नेहा त्यावर रोज एक टिंब द्यायची आणि टिंबं जोडायची. रेघ वर जायची, मग खाली यायची, पुन्हा आधीपेक्षा वर, पुन्हा खाली. मला आधी तेही संशयास्पद वाटलं.

"वहिनी, हे पहिल्या छावणीवर जाऊन परत खाली का आले? काही झालंय का?"

त्या हसल्या. "अगं, तसंच करतात. उंच जायचं, खाली येऊन झोपायचं. शरीराला कमी हवेची सवय लावत लावत वर सरकायचं. यांनी मला सगळं समजावून ठेवलंय."

एका गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुटी होती तेव्हा मी अरादला गेले. विमानतळ जवळ, त्यामुळे दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जायचं आणि बोलणं थांबायचं. वहिनींनी कुळथाची पिठी केली होती. नेहा आलेखासमोर उभी राहून मला इंग्रजीत सांगत होती की बाबा आता अमुक मीटरवर आहेत, इथं तापमान इतकं, तिथं हवा अर्धीच. वहिनी मराठीत विचारायच्या, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींना त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. राणेंची स्वतःच्या हातची दोन पत्रंही काठमांडूमार्गे आली होती. त्यात डोंगराविषयी फारसं काही नव्हतं. रोज बटाटे असतात, एका शेर्पाने मोजा शिवून दिला, तुबलीच्या मोठ्या कॉम्प्रेसरचा पट्टा बदलून घ्या. असल्या पत्रांवर माझा विश्वास बसतो.

तीन आठवडे असे गेले. मग एका रविवारी फॅक्स आला.

गल्फबाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. आमची सुटी शुक्रवारी, रविवारी ऑफिस चालू. पण युरोपात शनिवार-रविवार बंद. त्या तीन आठवड्यांत त्यांचा फॅक्स शनिवारी-रविवारी एकदाही आला नव्हता. सोमवारी तिन्ही दिवसांचं एकत्र यायचं. आणि आज रविवारी, सकाळी साडेदहाला, मशीन किरकिरलं. मजकूर तीन ओळींचा. मोहीम दुसऱ्या छावणीवरून व्यवस्थित पुढे सरकत आहे. सर्व सदस्य ठीक आहेत. पुढील माहिती यथावकाश.

मी तो कागद हातात घेऊन बसले. रविवारी कोणीतरी घरून निघालं, ऑफिसचं कुलूप उघडलं, दहा ठिकाणी फॅक्स लावला, आणि सांगितलं काय, तर सगळं ठीक आहे. सगळं ठीक असलं की माणूस रविवारी ऑफिस उघडत नाही.

मग मी जुने कागद काढले. आदल्या गुरुवारपर्यंत प्रत्येकात 'दहाही सदस्य' होतं. या कागदात 'सर्व सदस्य'. 'दहा' हा आकडाच गेला होता. हे काम मी स्वतः वर्षानुवर्षं केलं होतं. बारा यंत्रांची ऑर्डर असेल आणि नऊच बंदरावर उतरली असतील, तर गिऱ्हाइकाला 'माल पोचला' असं लिहायचं, आकडा गाळायचा. जॉर्जसाहेब नुसता आकड्याखाली बोट ठेवायचे आणि मी तो काढून टाकायचे. तिकडेही एखादी मार्था असणार आणि तिच्या कागदावरही कोणीतरी बोट ठेवलं असणार.

बारा वाजता मी फोन फिरवला नाही. सव्वाबाराला वहिनींचाच आला.

"आलं का काही?"

"आलंय. दुसऱ्या छावणीवरून पुढे निघालेत. सर्व सदस्य सुखरूप."

"आणि हे?"

त्या सहजच विचारत होत्या, रोज विचारायच्या तशा. मी म्हणाले, "राणेसाहेब बरे आहेत. भूक चांगली लागते म्हणे."

कागदावर यातलं काही नव्हतं. ते वाक्य माझ्या तोंडातून इतक्या सहज बाहेर पडलं की फोन ठेवल्यावर मला माझीच भीती वाटली.

घरी पास्कलला सांगितलं. तो म्हणाला, "तू फार विचार करतेस. एखाद्याला ओव्हरटाइम असेल." मग जेवताना म्हणाला, "पण आकडा का काढला असेल गं?"

पुढचे दिवस मी सगळ्यांवर नजर ठेवून काढले. मंगळवारी पुन्हा 'सर्व सदस्य'. वहिनींनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच वाक्य सांगितलं, राणेसाहेब बरे आहेत. बुधवारी वाऱ्यामुळे थांबलेत म्हणून कळलं; त्यापुढे आठवडाभर मी वहिनींना फक्त कागदावरचंच सांगत गेले. जॉर्जसाहेब मला नेहमीपेक्षा गप्प वाटायला लागले. ते फोनवर दार लावून बोलायचे. एकदा त्यांनी एक पाकीट घाईने ड्रॉवरमध्ये सरकवलेलं मी पाहिलं. यांना खरी खबर आली आहे आणि यांनी ती दाबली आहे, असं माझ्या मनाने घेतलं. फडक्याचा फोटो हवा आहे ना यांना. दुपारी एक ते चार ऑफिस बंद असायचं. किल्ली माझ्याकडे असायची. एका दुपारी मी घरी गेले नाही. त्यांच्या खोलीत गेले आणि ड्रॉवर उघडला.

पाकिटात छातीचा एक्स-रे होता. त्यांचाच, नाव लिहिलेला. सोबत डॉक्टरची चिठ्ठी.

"मार्था."

ते दारात उभे होते. माझ्या हातात एक्स-रे. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे इंग्रजीत विचारलं, "तुला काय हवं होतं?"

मी सगळं सांगितलं. रविवार, आकडा, 'सर्व'. ते खुर्चीत बसले, पाकीट माझ्याकडून घेऊन पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवलं. म्हणाले, "हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. पुढच्या वेळी मला विचारत जा. विचारलं असतंस तर इतके दिवस वाचले असते." आणि स्वतःच्या हाताने त्यांनी युरोपातल्या त्या ऑफिसला फॅक्स लिहिला: आमचे कर्मचारी श्री. राणे या क्षणी कुठे आहेत?

माझी मान वर होत नव्हती. कोणाच्या तरी आजारपणात मी किल्ली लावून शिरले होते. पण लाजेने संशय जात नाही. उत्तर आलं तेव्हा तो पक्काच झाला. कागदावर लिहिलं होतं की सर्व सदस्यांची उत्तम काळजी घेतली जात आहे, याची खात्री बाळगावी.

"काळजी कोणाची घेतात?" मी जॉर्जसाहेबांना विचारलं.

त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं. छातीवर हात ठेवला. म्हणाले, "आजारी माणसाची."

वहिनींना सांगावं की नाही यात आणखी एक दिवस गेला. आपण चांगल्या हेतूने गप्प आहोत असं स्वतःला पटवायला एक दिवस पुरतो. दुसऱ्या दिवशी, दुपारी बाराला, फॅक्स आला की मोहीम यशस्वी झाली. गाइड आणि सदस्य शिखरावर उभे राहिले. आकाश निरभ्र होतं. सर्व सदस्य ठीक आहेत. ऑफिसात बातमी पसरली, कोणीतरी सूकमधून हलव्याचा डबा आणला, वर्कशॉपमधून मिस्त्रींचे फोन यायला लागले. "सर चढे ना, मॅडम?" मी बोर्डवर बसून प्रत्येकाला सांगत होते, मोहीम यशस्वी झाली. सर चढले असं मी एकालाही सांगितलं नाही, आणि एकानेही ते ओळखलं नाही.

वहिनींना कोणी सांगितलं कोण जाणे. एक वाजता त्या टॅक्सी करून ऑफिसात आल्या. साडी घामाने पाठीला चिकटली होती. हलव्याचा तुकडा कोणी पुढे केला तो त्यांनी घेतला नाही.

"मला सगळे कागद दाखव."

मी फाइल दिली. त्या माझ्या टेबलाच्या कडेला उभ्या राहून पहिल्यापासून वाचत गेल्या. रविवारच्या कागदावर थांबल्या.

"हे रविवारचं?"

"हो."

"तू मला सांगितलंस, हे बरे आहेत, भूक चांगली लागते. भूक कुठाय यात?"

"ते मी घातलं."

"का?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण रागापेक्षा हिशेब जास्त होता, कुठवर आपण फसलो याचा. "आणखी काय काय घातलंस?"

"एवढंच. बरे आहेत म्हणून. दोनदा."

"दोनदा की तीनदा?"

"दोनदा, वहिनी."

"मला तेव्हाच चुकल्यासारखं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांत या माणसाने भूक लागली असं कोणाला सांगितलेलं नाही. पानावर बसवलं की जेवतात." मग फाइल मिटून म्हणाल्या, "आता रडारड नको. माणूस शोधायचा कसा ते सांग."

युरोपातलं ऑफिस फोन उचलत नव्हतं. काठमांडूतल्या एजंटने उचलला, सगळे ठीक आहेत म्हणाला आणि ठेवला. संध्याकाळी पास्कल मला न्यायला आला तेव्हा म्हणाला, "आमच्या लाँड्रीत धनबहादूर आहे. नेपाळचा. त्याचा साडू काठमांडूत मोहिमांचं सामान वाहणारी गाडी चालवतो. कागदवाल्यांना विचारण्यापेक्षा ओझंवाल्यांना विचारा."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी सूकजवळच्या फोन बूथवर नेहमीसारखी रांग होती. आठवड्याच्या एकाच सुटीच्या दिवशी घरी फोन करायला आलेली माणसं, हातात कार्ड, इस्त्रीचे शर्ट. धनबहादूर पन्नाशीचा, बुटका, डोक्यावर टोपी. तो रांगेत आणि वहिनी, पास्कल आणि मी त्याच्या बाजूला. ऊन डोक्यावर आलं होतं. वहिनी सावलीत यायला तयार नव्हत्या. वाट बघताना मी त्याला ते कागद वाचून दाखवले. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, ये दस मेंबर में शेरपा लोग का गिनती है क्या?"

"नाही," मी म्हणाले. "सदस्य म्हणजे बाहेरून आलेले."

"तो फिर 'सब' कैसे?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

तीन आठवडे मी दहा मोजत होते, दहातला एक कुठे गेला म्हणून रात्रंदिवस झुरत होते, आणि वर ओझं नेणारे, दोर बांधणारे, मोजा शिवून देणारे किती, हे एकाही कागदात नव्हतं आणि मी एकदाही शोधलं नव्हतं. आता मी फोटोतली माणसं मोजते ती या वाक्यापासून.

साडूने सांगितलं, चौकशी करतो, दुपारनंतर करा. आम्ही जवळच्या खानावळीत खबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणि डाळ पुढे घेऊन बसलो आणि कोणी खाल्लं नाही. तीनला धनबहादूर पुन्हा बूथमध्ये गेला. काचेतून त्याची मान हलताना दिसत होती. बाहेर आला तेव्हा त्याने टोपी काढली होती. मी वाईट तेच धरलं, पण ती त्याने घाम पुसायला काढली होती.

"जिंदा है," तो आधी एवढंच म्हणाला. मग सांगितलं. बहारीनवाला एक इंडियन साब दुसऱ्या छावणीवर पडला. छातीत पाणी झालं. शेर्पांनी दोरावरून बेस कॅम्पला उतरवला, तिथून दोघांनी आळीपाळीने टोपलीत बसवून, पाठीवरून खालच्या गावातल्या दवाखान्यात नेला. दोन दिवस शुद्ध नव्हती. आता काठमांडूच्या हॉस्पिटलात आहे. त्याने हाताच्या तळव्यावर लिहिलेला नंबर पुढे केला.

ऑफिस उघडायला जॉर्जसाहेब स्वतः आले, सुटीच्या दिवशी. वहिनींना त्यांनी स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि बाहेर गेले. मी लाइन लावली. नर्सने कोणाला तरी हाक मारली, बराच वेळ पावलांचा आवाज, मग खोकला. तो खोकला मलाही ऐकू आला. ओला, खोल, संपता संपेना असा.

"अहो, मी बोलतेय," वहिनी म्हणाल्या.

पलीकडे काय बोलणं झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. "किती दिवस झाले?" वहिनींनी विचारलं. थोड्या वेळाने, "आणि त्या लोकांनी कळवलं कसं नाही?" मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू सपाट होत गेला. त्यांनी रिसीव्हर फोनवर ठेवला नाही. टेबलावर ठेवला, हलकेच, आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी तो उचलला. पलीकडून राणेसाहेबांचा बारीक झालेला आवाज येत होता, "शालू, ऐकतेस ना?"

"काय झालं, वहिनी?"

"त्यांनी कळवलं नाही, कारण यांनीच सांगितलं होतं, कळवू नका."

युरोपातल्या त्या माणसांना मी तेव्हाही माफ केलं नाही आणि आजही करत नाही. एका आजारी माणसाने सांगितलं म्हणून त्याच्या बायकोला अंधारात ठेवणं त्यांच्या किती सोयीचं होतं, हे मला कागदाच्या त्या बाजूला बसून चांगलं समजत होतं. पण माझा सगळा संशय बाहेरच्यांवर होता. तिकडची मार्था, एजंट, बिचारे जॉर्जसाहेब. आतल्या माणसाकडे मी बघितलंच नव्हतं.

जूनच्या मध्यावर राणेसाहेब परत आले. विमानतळावर ते दिसले तेव्हा नेहा आधी थबकली. चेहरा उन्हाने काळा पडून सोललेला, गॉगलच्या जागी पांढरे वाटोळे, कपडे लोंबणारे. नेहा इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि त्यांना बिलगली. वहिनींनी त्यांच्या हातातली बॅग घेतली आणि पुढे चालायला लागल्या. निळं फडकं त्यांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात आणून दिलं, घडीसुद्धा न मोडलेलं. जॉर्जसाहेबांनी ते न बघता कपाटात टाकलं. त्यांनी आपल्या एक्स-रेचं बायकोला एव्हाना सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये ते ऑपरेशनसाठी कोट्टायमला गेले आणि बरे होऊन आले.

मी राणेंशी बोलायचं टाळत होते. पण जुलैमध्ये काही कागद घेऊन तुबलीला जावं लागलं. ओहोटी होती, खाडीचा चिखलाचा वास सगळ्या गॅरेजांत भरलेला. आत वेल्डिंग चालू होतं. राणेसाहेब सावलीत स्टुलावर बसून मिस्त्रींना सांगत होते, हे खोल, ते घट्ट कर. पूर्वी ते स्वतः करायचे. मला बघून उठले.

"मार्था, तुम्ही मला शोधलंत. मी तुमचे आभार मानले नाहीत."

"धनबहादूरने शोधलं," मी म्हणाले. "आणि तुम्हाला पाठीवर कोणी आणलं?"

"दोघं होते. एकाचं नाव पासांग. दुसऱ्याचं मला शुद्धीवर आल्यावर कोणी सांगू शकलं नाही." ते खाडीकडे बघत होते. "मी विचारलं, पण उशिरा."

मग मला राहवलं नाही. "तुम्ही त्यांना कळवू नका असं का सांगितलंत?"

बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यायची सवय त्यांना लागली होती. "खाली गावात डोळे उघडले तेव्हा वाटलं, चार दिवसांत बरा होईन आणि पुन्हा वर जाईन. मग कशाला शालूला घाबरवायचं? रोज तुमचा फोन येत असेल, नेहा भिंतीवर टिंब देत असेल. ते थांबू नये असं वाटलं. आणि मग एक दिवस गेला, दुसरा गेला. आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार." ते माझ्याकडे वळले. "शालूने मला तुमच्या त्या वाक्याचं सांगितलं. भूक चांगली लागते. तुम्ही का घातलंत ते?"

मी हातातले कागद स्टुलावर ठेवले.

"तेच," ते म्हणाले. "तुमचं जे कारण, तेच माझं."

परतीच्या बसमध्ये मला ते पटलं होतं. घरी पोचेपर्यंत पटेनासं झालं. माझं कारण वहिनी होत्या. त्यांचं कारण ते स्वतः होते, आपण खाली आलोय हे घरच्या भिंतीवर दिसू नये म्हणून. मग पुढची कित्येक वर्षं मी या वाक्याची उलटसुलट तपासणी केली. माझं कारण तरी वहिनी होत्या का? की फोनवर रडणं ऐकायची माझी तयारी नव्हती? मला अजून नक्की सांगता येत नाही, आणि नक्की सांगणाऱ्या माणसांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

राणे पुन्हा डोंगरावर गेले नाहीत. वहिनींनी भांडण केलं नाही, मुलीला घेऊन त्या देशीही निघून गेल्या नाहीत, जशी ऑफिसात कुजबुज होती. घर चालत राहिलं. माझ्याशी त्या वर्षभर जपूनच बोलायच्या, मग हळूहळू पूर्वीसारख्या बोलायला लागल्या. फक्त एक नवीन गोष्ट सुरू झाली. रोज सकाळी अकराला त्यांचा फोन ऑफिसच्या बोर्डवर यायचा आणि त्या म्हणायच्या, "मार्था, तुबली दे." मी वर्कशॉपची लाइन जोडून द्यायचे आणि माझा रिसीव्हर ठेवायचे. दीड-दोन मिनिटांत दिवा विझायचा. इतकं थोडं बोलणं असतं तरी काय, मला कळत नव्हतं.

एका दिवशी मी रिसीव्हर ठेवला नाही. ठेवायला हवा होता.

"अहो, कसं वाटतंय?" वहिनींनी विचारलं.

"ठीक आहे."

"ते नको. श्वास घ्या."

पलीकडे कॉम्प्रेसरचा आवाज होता. कोणीतरी तो बंद केला, रोजची सवय असावी तसा. मग राणेसाहेबांनी श्वास घेतला, लांब, तळापर्यंत, आणि सोडला. वहिनी ऐकत होत्या. मीही ऐकत होते. कुठे खरखर नव्हती.

"आणखी एकदा," वहिनी म्हणाल्या.